नावाआधीची मोकळी जागा

चंद्रभान बोकडे यांना, आमच्या भाऊंना, मी पंधरा वर्षं शेजारच्या खुर्चीवरून पाहिलं. सदर भागातल्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात दोन कॉम्प्युटर, मागच्या खोलीत छपाईचं मशीन आणि मालक विक्की. या सगळ्यात डोकं फक्त भाऊंना होतं. माझं नाव शामला. तोंडाची फटकळ म्हणून मी दुकानात प्रसिद्ध आहे, आणि हा फटकळपणा ऐन वेळी कुठे गेला तेच सांगायला बसले आहे.

भाऊ आधी ब्रशने बोर्ड रंगवायचे, चाळिशीत कॉम्प्युटर शिकले. त्यांचा एक नियम होता : मयताचं काम आधी. लग्नवाला, वाढदिवसवाला, पुढाऱ्याचा माणूस कितीही डोकं खावो, श्रद्धांजलीचा फ्लेक्स पहिला निघणार. त्यासाठी त्यांनी एक युक्ती काढली होती. फाईलला नाव देताना मयताच्या नावाआधी एकदा स्पेस दाबायची. सुरुवातीला अशी मोकळी जागा असली की ती फाईल यादीत सगळ्यांच्या वर येते. नावाला 'अर्जंट' किंवा आकडे जोडणं त्यांना पटत नसे. गेलेल्या माणसाच्या नावाला काही चिकटवू नये, म्हणायचे. बघून बघून मीही तसंच करू लागले.

त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. त्यांच्या वडिलांना शेवटची सहा वर्षं काही आठवत नव्हतं. पोटच्या पोराला ते 'साहेब' म्हणत. त्यामुळे भाऊ स्वतःवरच पाळत ठेवून असत. गाडीची किल्ली दोन मिनिटं सापडली नाही तरी चेहरा उतरायचा. पण कामात त्यांची चूक कधी झाली नव्हती आणि तोच त्यांचा आधार होता. "इथं चुकलो तं समजायचं, आपलीबी पाळी आली," असं एकदा चहा पिताना म्हणाले होते. मी हसण्यावारी नेलं.

मागच्या दिवाळीनंतर हुडकेश्वरला, भाऊंच्याच गल्लीत, कौसल्याबाई लांजेवार वारल्या. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या पंचाहत्तरीचा फ्लेक्स आमच्याकडेच झाला होता, ती फाईल त्यांच्या नावाने तशीच पडून होती. आता भाऊंनी तेरवीसाठी श्रद्धांजलीचा फ्लेक्स केला, तेच नाव दिलं, फक्त आधी स्पेस दाबली. त्याच आठवड्यात विक्कीने छपाईच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकलं होतं. भाऊंनी फाईल निवडायची खिडकी उघडली, सगळ्यात वरच्या नावावर क्लिक केलं आणि छपाईला पाठवलं. मी कात्री घ्यायला त्यांच्या मागेच उभी होते. मी पाहिलं. वरचंच नाव होतं.

छापून निघालेला फ्लेक्स विक्कीने कानाला फोन लावून, न बघताच गुंडाळला. घरच्या गल्लीतलं काम म्हणून भाऊ तो स्वतः घेऊन गेले आणि तेरवीच्या मांडवात, सगळ्या सोयऱ्यांसमोर, त्यांनी आपल्या हाताने उलगडला. फुगे, केक, हसणाऱ्या कौसल्याबाई आणि खाली मोठ्या अक्षरात 'शतायुषी व्हा'. त्यांचा मुलगा अमोल आत जाऊन रडत बसला म्हणे. त्याने शिव्या घातल्या असत्या तर भाऊंना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी विक्कीने दुकानात तमाशा केला. डोळे गेले, डोकं गेलं, आता घरी बसा, असं काय काय म्हणाला. भाऊ एवढंच म्हणाले, "मी वरचीच दाबली होती. शामला मांगं उभी होती, विचार तिले."

विक्कीने माझ्याकडे पाहिलं. भाऊंची खुर्ची मला द्यायचं त्याच्या मनात होतं आणि ते मला ठाऊक होतं. शिवाय मशीन कसं चुकेल, असंही माझ्या डोक्यात आलं. फ्लेक्स तर सगळ्या गल्लीने पाहिला होता. मी म्हटलं, "मले नाही आठवत, भाऊ."

ते माझ्यावर चिडले नाहीत. ते घाबरले. माणूस असा घाबरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी डबा पिशवीत टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत.

फेब्रुवारीत मी त्यांच्याच खुर्चीवर बसून एका मास्तरांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स छपाईला लावत होते. त्याच मास्तरांच्या निरोप समारंभाची जुनी फाईल त्याच नावाने खाली यादीत होती. मी वरचं नाव निवडलं आणि मशीनमधून निरोप समारंभ बाहेर येऊ लागला. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. ती खिडकी फाईल उघडताना नावाआधीची मोकळी जागा गाळून टाकते, त्यामुळे त्याच नावाची दुसरी फाईल असली तर तीच उघडते, असं तिथला माणूस सहज म्हणाला. पुढच्या व्हर्जनमध्ये दुरुस्त होईल, म्हणाला. मी फोन ठेवला आणि तशीच हुडकेश्वरला गेले.

भाऊ आता गाडी चालवत नाहीत, असं त्यांच्या बायकोने, वच्छलावहिनींनी, दारातच सांगितलं. एकटे बाजारात जात नाहीत. कुलूप लावलं का, गोळी घेतली का, जेवलो का, सगळं वहिनींना विचारतात. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही, पण डॉक्टरांवर त्यांचा विश्वास नाही.

मी भाऊंसमोर बसून सगळं सांगितलं. कागदावर एकच नाव दोनदा, एकदा आधी जागा सोडून, लिहून दाखवलं. त्यांना लगेच कळलं, माझ्यापेक्षा लवकर कळलं.

"म्हणजे मी वरचीच दाबली होती," ते म्हणाले.

"हो, भाऊ."

"आता मशीननं सांगतलं म्हणून म्हणते का तू?"

इथे मला पळवाट होती. पण माझ्याने आता ते होईना. "नाही भाऊ. मी पाहिलं होतं. त्याच दिवशी पाहिलं होतं."

त्यांनी कागद बाजूला सारला. "मशीनचं काय घेऊन बसली वं," ते म्हणाले, "मशीनचा भरोसा मी कधीच धरला नव्हता. तू 'नाही आठवत' म्हटलं म्हणून मी समजलो का माझंच डोकं गेलं."

मला रडू आलं, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते वहिनींकडे वळले.

"वच्छला, हिनं आता 'पाहिलं होतं' म्हटलं नं? तू ऐकलं नं?"

"म्हटलं तिनं," वहिनी म्हणाल्या. "मी ऐकलं."