उघडी ठेवलेली वीट

विटेला हाताची मागची बाजू लावायची, तोच हात स्वतःच्या गालाला लावायचा आणि म्हणायचं, "वली हाय अजून." हे तो दिवसातून चार वेळा करायचा आणि चारही वेळा माझं डोकं फिरायचं. तुमच्याही घरी असा एखादा गवंडी येऊन गेला असेल. माझ्या वाट्याला आलेला जरा जास्तच आडमुठा होता.

पाचगणीत माझ्या सहा खोल्या आहेत. रस्त्याकडेला कणसं भाजत मी तिथवर आलो, कुणाच्या मेहेरबानीने नाही. थंडीतल्या पाहुण्यांसाठी मोठ्या खोलीत लाकडावर पेटणारी लोखंडी शेगडी बसवायची ठरवली. शेगडी कुपवाडहून करून आणली. तिच्याखाली विटांचा ओटा बांधायला माण तालुक्याकडचा हा मिस्त्री बोलावला. काम चोख होतं. हे कबूल करतो, कारण खोटं बोलून मला काही मिळायचं नाही.

ओटा झाला. वरून सीलरचा हात दिला की विटा राख आणि काजळी पीत नाहीत. डबा मी आधीच आणून ठेवला होता.

"कधी मारायचा?"

"म्हैन्यानं."

"आठ दिवस."

"म्हैना."

"पंधरा. तुमचंही राहिलं, माझंही राहिलं."

त्याने पुन्हा हात विटेला लावला, मग गालाला. "मालक, आतलं पाणी वर येऊन उडून जाऊ द्या. विटंला मंडईतला भाव कळतूय व्हय?"

घासाघिशीत मला असं कुणी रिकामं परतवलं नव्हतं. तो गावाकडे गेला आणि नवव्या दिवशी मी स्वतः ब्रश घेतला. ओटा आरशासारखा चमकला. पाहुणे आले, शेगडी पेटली. तिसऱ्या दिवशी विटांवर पांढरा खार फुटला आणि सीलर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटायला लागला. एका बाईंनी विचारलं, "हे डिझाइन आहे का?"

मिस्त्रीला बोलवावं लागलं. तो आला, ओटा बघितला आणि पाहुण्यांसमोर म्हणाला, "मालक, घाई तुमाला हुती का विटंला?"

सगळी खोली हसली. माझा स्वयंपाकीसुद्धा. ते हसू मी अजून विसरलेलो नाही.

सगळा थर त्याने खरवडून काढला. मग तारेच्या ब्रशने खार कोरडाच झाडला. मी म्हणालो, पाणी मारा, पटकन निघेल. म्हणाला, "पाण्यात इरघळून परत आत जातूय त्यो." बोटांच्या पेरांतून रक्त येईपर्यंत घासत होता. चहा मी स्वयंपाक्याच्या हाती पाठवायचो. स्वतः कधी दिला नाही.

मला पुरता महिना थांबवून त्याने सीलरचे दोन पातळ हात दिले. मागच्या कोपऱ्यातली एक वीट मात्र कोरीच होती.

"ही राहिली."

"ठिवलीय. दर साली पाऊस सरला की हिला हात लावायचा. कोरडी लागली तरच बाकीच्यांवर नवा हात मारायचा. त्या आता त्वांड मिटून बसल्या. ही तेवढी खरं सांगंल."

"अर्धवट काम माझ्या घरात चालत नाही."

"मग मारा की तुमी. तुमाला येतंयच."

पुन्हा या उंबऱ्याला पाय लावू नका, असं मी ओरडलो. त्याने थापी पिशवीत टाकली, "बरं" म्हणाला आणि खरंच कधी आला नाही.

यंदा पाऊस लांबला. ती उघडी वीट इतकी वर्षं मला खुपत होती. म्हटलं, बोलवायचं, समोर बसवून तिच्यावर सीलर मारून घ्यायचा आणि चार शब्द सुनवायचे. शब्दही ठरवले होते. फोन त्याच्या बायकोने उचलला.

"आवं, त्ये गेलं की आखाडात. कोण बोलतंय?"

"पाचगणीहून."

"विटंवालं मालक व्हय? लय नाव काढायचं तुमचं. म्हणायचं, दिवसांची घासाघीस करणारं गिऱ्हाईक एकच भेटलं जन्मात."

मी फोन ठेवला. रागाच्या भरात डबा उघडला, ब्रश बुडवला, शेगडीमागे वाकलो. म्हटलं, आता मला कोण अडवतो? पण हात आधी विटेला लागला आणि मग गालाला.

गार. ओली.

डब्याचं झाकण लावलं. संध्याकाळी एका पाहुण्याचा फोन आला, शेगडी कधी पेटणार?

"महिन्याने. वीट ओली आहे अजून."

"पंधरा दिवसांत नाही जमणार?"

"महिना," मी म्हणालो.