कच्छला नेलेलं बाजरीचं पीठ

केंदूरच्या सारजाबाई कन्याकुमारीला जाऊन आल्या, द्वारकेला दोनदा गेल्या, पण समुद्र त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. ऐकून हसू आलं तर खुशाल हसा. मला संताप येतो, आणि तो आधी स्वतःचा येतो, कारण त्या सहलींत त्यांच्या हातच्या भाकरी मीही खाल्ल्या आहेत.

आमच्या शिरूरचे सोपानराव सहली काढतात. सतरा माणसं, एक गाडी, मागं गॅसची शेगडी, पिठाचे डबे आणि डब्यांना टेकून बसलेल्या सारजाबाई. परमुलखातलं अन्न बाधतं, यावर आमच्याकडे कुणी वाद घालत नाही. म्हणून सगळे दर्शनाला गेले की त्या पार्किंगमध्ये भाकरी थापायच्या, आणि सगळे परतले की वाढायच्या; भांडी आवरली की लगेच गाडी सुटायची.

यंदा कच्छ होतं. निघतानाच त्यांनी सोपानरावांना बजावलं, "दादा, कोटेश्वरला मला पाण्याजवळ जायचंय. आत्ताच सांगून ठिवते." सोपानरावांनी मान डोलावली. भुजच्या पुढं रस्ता ओसाड. तासन्‌तास नुसत्या बाभळी, मधेच उंट. सारजाबाई दर थोड्या वेळानं विचारायच्या, "आलं का पाणी?"

कोटेश्वरला चार वाजता पोचलो. माजी सरपंच बापूसाहेब उतरता उतरता म्हणाले, "सारजाबाई, तेवढ्या भाकरी टाकून घ्या. मग बघा निवांत. समुद्र काय पळून जातोय व्हय?" सोपानराव माणसं मोजू लागले. मी फोटोसाठी मोबाइल पुसायला घेतला.

सारजाबाईंनी शेगडी पेटवली, परात काढली. दहा पावलांवर चहाच्या टपरीत एक कच्छी बाई चुलीपाशी काहीतरी थापत होती. त्या बघायला गेल्या आणि लालबुंद होऊन परतल्या.

"बाजरीच हाय. आपल्यावानीच थापतीया. मंग मला आन् ह्या पिठाला हितवर कशाला वाहून आणलं?"

 त्यांनी शेगडी बंद केली, परात पालथी घातली आणि सरळ पाण्याकडे चालू लागल्या. दिवस बुडेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. आम्ही टपरीवर जेवलो. बापूसाहेबांनी बाजरीचे चार रोटले हाणले. पोट कुणाचंही बिघडलं नाही.

पुढच्या महिन्यात सोपानराव घरी आले. दीवची सहल ठरली होती, स्वयंपाकाला बाई हवी होती. मी म्हटलं, "सारजाबाई आहेत की."

"त्या नको आता," ते म्हणाले. "समुद्र न बघितलेली कुणी असंल तर सांगा."