बाबांनी आवाज वाढवला म्हणून

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तसं पाहिलं तर गोष्ट केवढीशी — गाडीतला एक अ‍ॅम्प्लिफायर. हसाल तुम्ही. हसा, मीही ती इतकी वर्षं हसण्यावारीच नेत आलेय.

आधी बाबांबद्दल सांगू दे. बाबा म्हणजे माझे सासरे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी नागपूरच्या घरातला बंद पडलेला मिक्सर उघडून बसले होते. स्क्रू सगळीकडे! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आणि बाबा? ते समोर मांडी घालून बसले, एकेक स्क्रू वाटीत गोळा करत म्हणाले, "काहून अडवून राहिली तिला? इंजिनिअर आहे आपली सून." अहो, माहेरीसुद्धा मला असं कुणी म्हटलं नव्हतं. पुढे मला इथे अमेरिकेत, ट्रॉयला नोकरी लागली, तेव्हा नातेवाईक विचारत होते, बायकोच्या मागे नवरा जाणार का? बाबांनी सरळ पेढे वाटले. या माणसाचं मी काय काय देणं लागते, ते सांगायला बसले तर मूळ गोष्ट राहूनच जाईल. आणि मला ती राहून गेलेली आवडेल — म्हणूनच सांगते.

सासूबाई गेल्या आणि बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. तिकडे त्यांचं भजनी मंडळ, इकडे रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ. मंडळातले मित्र फोनवर भजनं रेकॉर्ड करून पाठवायचे. पण बाबांचा एक कान पार गेलेला, दुसरा जेमतेम. मग मी ठरवलं, गाडीत दणदणीत साउंड बसवायचा. दुकानात कशाला जायचं? गाड्यांचं वायरिंग टेस्ट करणं हेच तर माझं काम! अ‍ॅम्प मी स्वतः डिकीत बसवला, मोठ्या तोऱ्यात.

पहिल्यांदा लावला तो मंदिरात जाताना. मागच्या सीटवर इथल्या मराठी मंडळातल्या एक काकू होत्या. बाबांनी नॉब फिरवला, मृदंग घुमला, बाबांचा चेहरा असा उजळला — आणि सगळं गप्प. थोड्या वेळानं आपोआप चालू. आवाज वाढवला की पुन्हा बंद. काकूंनी सहज विचारलं, "काय गं, तूच बसवलास ना?"

आणि मी म्हणाले, "बाबा एकदम फुल करतात ना काकू, म्हणून बंद पडतो."

मला तेव्हा कारण माहीत तरी होतं का? छे! बाबांनी हात मागे घेतला. "चुकलं पोरी माझं," म्हणाले. ज्यांना कमी ऐकू येतं म्हणून हा सगळा खटाटोप केला, त्यांनाच मी आवाज वाढवल्याचा दोष दिला.

त्यानंतर बाबांनी नॉबला हात लावला नाही. भजन अगदी हळू लागायचं आणि ते मांडीवर ठेका धरायचे, ऐकू येतंय असं मला वाटावं म्हणून. पण ठेका चुकत होता हो! जन्मभर ज्यांची टाळी कधी चुकली नाही, त्यांचा. मी शेजारी बसून ते बघत होते. रोज.

एका शनिवारी दुपारी करंट मोजायचा मल्टिमीटर घेऊन डिकीत शिरले. आवाज वाढवला की अ‍ॅम्पला मिळणारा करंट कोलमडत होता. ग्राउंडची, म्हणजे अर्थिंगची वायर गाडीच्या उघड्या पत्र्याला घट्ट बसवायची असते. मी ती रंगावरच आवळली होती, आणि रंगातून करंट धड जात नाही. रंग खरवडायला विसरले होते! आणि ऑफिसात नव्या पोरांच्या कानीकपाळी मीच ओरडते — काही बंद पडलं की आधी ग्राउंड बघा. पॉलिश पेपरनं रंग काढला, वायर आवळली, फुल आवाज करून पाहिला. झकास चालला.

आता सांगायचं होतं ना? एक वाक्य. घरात गेले आणि म्हणाले, "बाबा, सेटिंग बदललंय, आता चालेल. पण जपून हं."

काकूंसमोरचं ते पहिलं तोंडातून निसटलं होतं, पण हे 'जपून हं' मी मुद्दाम म्हणाले.

खंडेनवमीला बाबांनी माझा स्क्रू ड्रायव्हर आणि मल्टिमीटर पाटावर मांडले. तो पॉलिश पेपरचा तुकडासुद्धा, कुठून शोधला देव जाणे. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. आलेल्या प्रत्येकाला कौतुकानं सांगत होते, "मी बिघडवलेलं, हिनं नीट केलं." मी सगळ्यांना प्रसाद वाटला.

यंदा बाबा पुन्हा आलेत. ते शेजारच्या सीटवर बसले की माझं मन भरून येतं, खरंच. मिक्सरचे स्क्रू वाटीत गोळा करणारा तोच हात नॉबजवळ जातो, थांबतो.

"वाढवू का गं?"

"वाढवा की बाबा," मी म्हणते. तेवढंच म्हणते.

ते वाढवतात. अगदी एवढंसं.