बांधावरची माती

जळगाव जामोदच्या स्टँडमागं जब्बारभाई खिडक्यांच्या जाळ्या वेल्डिंग करते. माणूस कामात चोख, पण तोंडाचा असा कडक, की गिऱ्हाईक पैसे देऊनही शिव्या खाऊन जाते. कोन वाकडा दिसला की राग. लाइन गेली की राग. चहात साखर कमी पडली तरी राग. अशा माणसानं दुकानात काचेची टाकी ठेवली अन् तिच्यात दोन काळे मोली मासे सोडले. ठिणग्या पाह्यून डोळे तापले की तो टाकीसमोर जाऊन बसे. तेवढाच वेळ त्याचं तोंड बंद राहे.

"त्या मासोळ्या जपा," त्याची बायको खैरुन्निसाभाभी त्याले म्हणे. "घरातली शांती त्यायच्याच जिवावर हाय."

एक दिवस टाकीतल्या पिलास्टिकच्या झाडाचा रंग पाण्यात उतरला. जब्बारनं झाड उपटून रस्त्यावर फेकलं अन् खरी झाडं आणाले शहरात गेला. दुकानदारानं झाडांसोबत एक थैली पुढं केली. "भाई, हे विदेशी माती घ्या, नाहीतर झाडं जगत नाहीत."

भाव ऐकला अन् जब्बार पेटला. "बे, मी काळ्या मातीतला माणूस. अन् तू मले माती इकतं?"

झाडं घेतली, थैली तिथंच आपटली.

पण त्याले इलाज ठाऊक होता. खाली दोन बोटं चाळलेली माती, तिच्यावर धुतलेली जाड रेती. म्हंजे माती वर उठत नाही, मुळं मात्र खाली पोचतात. सातपुड्याच्या नाल्यातून रेती आणली. पाणी नितळ येईपर्यंत धुतली. निंबू पिळून पाह्यला. फेस आला नाही, म्हंजे रेतीत चुना नाही. मातीसाठी त्यानं लहानपणाचा दोस्त माणिकराव धरला. त्याचं वावर गावाबाहेरच.

"बांधावरची आणजो. खत न पडलेली. समजलं?"

"हाव बे, समजलं."

माती आली. पिठासारखी चाळलेली. जब्बारनं टाकी भरली, झाडं रोवली, मासे सोडले.

दोन-चार दिवसांत मासे वर तोंड काढून धापा टाकाले लागले. पाणी बदललं तरी तेच. सकाळी एक उलटा तरंगत होता. दुसऱ्याले जब्बारनं बादलीत टाकलं अन् टाकीची रेती बोटानं उकरली. खाली मातीत काळपट दाणे. त्यानं एक चिरडला.

वेल्डिंगची मशीन तशीच टाकून तो गाडीवर निघाला.

"मानक्या! मातीत काय टाकलं बे?"

माणिकराव कपाशीत निंदत होता. "मूठभर डीएपी. काऊन, फुटले नाई का झाडं?"

"मी बिनखताची सांगतली होती ना!"

"तू सांगतली. पण माह्या घरून बिनखताची पेरणी कधी झाली नाई. दोस्ताले भुकी माती देऊ? लोक काय म्हणतीन?"

"कोणते लोक? मासे?" जब्बारचा आवाज फाटला. "माहा मासा मेला तुह्या मुठीनं!"

"अबे, एका मासोळीसाठी इतकं? दोन आणून देतो."

"तुहा बैल मेला तं मी दुसरा आणून देऊ? बोल! देऊ?"

माणिकरावनं विळा खाली ठेवला. त्याचंही तोंड लाल झालं होतं. "चाल बांधावर. तुह्या हातानं खोद."

"खोदतो. अन् तू हात मागं बांध."

जब्बारनं बाभळीखाली ढेकूळ ढेकूळ फोडून पाह्यलं, घमेलं भरलं. माणिकराव खरंच हात मागं घेऊन उभा राह्यला, दातओठ खात.

आता टाकीत झाडं धरली हायेत. बादलीतला मासा त्यायच्यात फिरते. माणिकराव चहाले येते, पण टाकीजवळ सरकला की जब्बार मशीन बंद करते.

"पह्यले हात दाखव."

माणिकराव आई-माई काढते, पण दोन्ही तळवे उघडते.