कच्च्या पाण्याची बाटली

“सर, या बाटलीले लय वास येऊन राहिला. मोरीत ओतून देऊ काय?”

काल गच्चीवरची जुनी टाकी उघडली आणि नासक्या अंड्यासारख्या त्या वासाबरोबर गुलाबरावांचं हे वाक्य परत आलं. ते आमच्या नागपूरच्या कॉलेजातले प्रयोगशाळेचे शिपाई. मी एम.एस्सी.ला होते. मामानं रत्नागिरीहून कॅनभर समुद्राचं पाणी आणलं होतं. त्यात लोखंडाच्या पट्ट्या बुडवून, हवा काढून, मी बाटल्या मेणानं बंद केल्या होत्या. हवा नाही तर गंज नाही, असं माझे मार्गदर्शक सर सांगत. दोन महिन्यांनी उघडल्या, तर एकीतली पट्टी काळीठिक्कर पडलेली.

“कॉन्व्हेंटच्या पोरींना बूच लावता येत नाही,” सर हसले. “हवा शिरली. ओता.”

आज ती थट्टा वाटते. तेव्हा माझे दोन महिने मोरीत चालले होते. मेण मीच खरवडलं होतं, त्याला कुठे चीर नव्हती. पण सांगायचं ते मनात इंग्रजीत जुळत होतं आणि मराठीत मोडत होतं.

बाटली उचलून गुलाबराव पुटपुटले, “बाकीचं पानी म्या दुधावानी उकळून ठेवलं होतं, नासू नये म्हनून. तुम्ही हे एक आधीच भरलं, कच्चं.”

त्यांनी बाटली मोरीवर तिरपी केली.

“थांबा,” मी म्हणाले. “सर, हवा शिरली असती तर गंज तांबडा आला असता. हा काळा आहे. न उकळलेल्या पाण्यात काहीतरी जिवंत आहे, आणि त्याला हवा लागत नाही. हा वास त्याचाच, आणि पट्टीही त्यानंच खाल्लीय.”