माझी सीट कोणी खाल्ली

ऐंशीच्या सुमारास बारावीला मी मेडिकलला चार मार्कांनी हुकलो आणि मुलुंडच्या आमच्या इमारतीत एकदम मोठा माणूस झालो. ॲडमिशन मिळाली असती तर एवढे लाड झाले नसते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी खास माझ्यासाठी साबुदाणा वडे पाठवले. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी सीट खाल्ली रे त्यांनी." त्यांनी म्हणजे कोणी, हे कोणी विचारत नसे. राखीव जागा हा आमच्या इमारतीचा लाडका विषय होता, गळक्या टाकीपेक्षाही.

मागच्या सरकारी क्वार्टर्समधली एक मुलगी माझ्याच वर्गात होती, प्रॅक्टिकलला माझी पार्टनर. बेडूक ती कापायची, मी तिच्या जर्नलमधून आकृती उतरवायचो. तिला मेडिकलला ॲडमिशन मिळाली. तिचं आडनाव ऐकल्यावर मार्क विचारावेत असं आमच्या इमारतीत एकालाही वाटलं नाही.

मला विचारायची गरजच नव्हती. मार्कशीट आम्ही एकाच खिडकीवर, एकापाठोपाठ घेतली होती. तिला माझ्यापेक्षा एकोणीस मार्क जास्त होते. तिचं नाव राखीव नाही, ओपनच्या यादीत होतं. माझं शोधताना मी ते दोनदा वाचलं होतं. माझी सीट कोणी खाल्लीच असेल तर ती माझ्या फिजिक्सने. पण वडे गरम होते आणि सगळे छान हळहळत होते. मी आणखी एक वडा उचलला.

रविवारी ती पेढे घेऊन आमच्याकडे आली. आईने पुडा न उघडताच फळीवर ठेवला. बाबा म्हणाले, "अभिनंदन हं. तुम्हा लोकांचं बरं असतं, कमी मार्कांत काम होतं." वर अगदी प्रेमाने हसलेसुद्धा.

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग ना रे, मला किती पडले ते."

एक आकडा सांगायचा होता, बस. मी म्हणालो, "चहा घेणार का तू?"

ती चपला घालून निघून गेली. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. पेढे मात्र सगळे मीच संपवले.

पुढे बीएस्सी करून मी औषध कंपनीचा एमआर झालो. गळ्यात टाय, हातात काळी बॅग आणि दिवसभर दवाखान्यांबाहेरच्या बाकांवर मुक्काम. दशक संपता संपता भांडुपला एका नव्या दवाखान्याच्या पाटीवर तिचं नाव दिसलं. परत फिरावंसं वाटलं, पण त्या महिन्याचं टार्गेट बाकी होतं. शेवटचा पेशंट गेल्यावर तिने मला आत बोलावलं आणि लगेच ओळखलं.

"घरी सांगितलंस का रे कधी?" तिने विचारलं.

आदल्याच आठवड्यात बाबांनी पाहुण्यांना माझ्या खाल्लेल्या सीटची गोष्ट पुन्हा ऐकवली होती. मी शेजारीच बसून पोहे खात होतो.

मी बॅग उघडली आणि तिला खोकल्याच्या औषधाचे फायदे सांगायला लागलो.