टिकटिक सरांची फुंकर

आमचे हे कशावरही फुंकर घालायचे. चहावर घालत ते ठीक, चहावर सगळं जग घालतं. पण चष्मा डोळ्यांवर चढवण्याआधी त्यावर फुंकर, कुलपात घालण्याआधी किल्लीवर फुंकर, पेपर उघडला की आधी त्याच्या घडीत फुंकर. जणू काही बातम्यांवर धूळ बसली होती. लेक लहान असताना कुठे पडली, गुडघा फुटला, की माझ्याकडे यायचीच नाही. थेट बाबांकडे. बाबांनी गुडघ्यावर फुंकलं की रडं बंद. मी मलमाची डबी घेऊन मागे उभी, मला कोण विचारतंय.

ही सवय माझ्या सासऱ्यांची. ते घड्याळजी होते. बँकेच्या जिन्याखाली त्यांचं दुकान, दुकान कसलं, एक माणूस पाय दुमडून बसेल एवढा खोपचा. शाळा सुटली की हे दप्तरासकट तिथे जाऊन बसायचे. घड्याळाच्या पोटातला कण बोटाने काढायचा नाही, फडक्याने काढायचा नाही, ओठांचा चंबू करून हलकेच फुंकायचा, हे बाळकडू ह्यांना तिथे मिळालं. पुढे तंत्रशाळेत हे घड्याळ-दुरुस्तीचे शिक्षक झाले. मुलं त्यांना टिकटिक सर म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही, पण चेहरा असा करायचे की जसं काही ऐकलंच नाही.

मग मोबाईल आले आणि लोक मनगटाकडे बघायचे विसरले. वर्गात मुलं कमी कमी होत गेली आणि एका सत्राला कुणीच आलं नाही. वर्ग बंद झाला. ह्यांना तंत्रशाळेच्या कोठारात बसवलं. सकाळी खिडकीतून पाने-हातोडे द्यायचे आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायचे. पगार तोच, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पण शिकवणाऱ्या माणसाला वर्ग दिला नाही की तो घरच्यांना शिकवायला लागतो. कांदा कसा धरावा, दोरीवर चादर कशी वाळत घालावी, इस्त्री कोणत्या टोकापासून सुरू करावी. एके दिवशी मला झाडू कसा धरायचा ते सांगायला लागले. मी झाडू त्यांच्याच हातात दिला, आणि मनाशी ठरवलं की ह्या माणसाला वर्ग मिळालाच पाहिजे, नाहीतर आमच्या घराचं काही खरं नाही.

त्याच सुमारास गावाबाहेर चिप बनवायचा कारखाना येणार अशी चर्चा सुरू झाली. परदेशातून व्यापारी शिष्टमंडळ आलं. कंपन्यांची माणसं, विद्यापीठाची माणसं, दोन्हीकडचे अधिकारी, आणि मधे घाम पुसत फिरणारा एक दुभाषी. करार झाला तो असा: यंत्रं त्यांची, खोली आणि शिक्षक आमच्या तंत्रशाळेचे, आणि इथून शिकलेल्या मुलांना कारखान्यात काम. मात्र शिक्षकांनी आधी त्यांच्याकडून येणाऱ्या एका बाईंकडे शिकायचं. नंतर शिष्टमंडळ परत येऊन स्वतः बघणार आणि मगच नावं पक्की करणार.

ह्यांनी अर्ज केला. प्राचार्य म्हणाले, "सर, आता निवृत्ती जवळ आली. कशाला डोक्याला ताप करून घेता?"

हे म्हणाले, "कोठारात ताप नाही, तेच सोसत नाहीये."

शिकवायला आलेल्या बाई चांगल्याच उंच. दारातून येताना मान वाकवायच्या. चिप ज्यावर बनते ती तबकडी, वेफर म्हणतात तिला, आरशासारखी गुळगुळीत आणि पापडाहून पातळ. ती चिमट्याने उचलायची, तिरकी धरून उजेडात बघायची. बाकीच्या तरुण शिक्षकांच्या चिमट्यातून ती निसटत होती. ह्यांचा चिमटा मात्र हातात जन्मल्यासारखा. बाई खूश होऊन बघतायत तोवर ह्यांना तबकडीवर एक कण दिसला. झालं. ओठांचा चंबू, आणि फुंकर.

बाईंनी ती तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि ह्यांना बघायला लावलं. एक कण घालवायला गेले होते, आणि थुंकीचे थेंब नुसते पसरले होते. मग दुभाष्यामार्फत म्हणाल्या, "कण उडवायला वायूची नळी असते. यंत्रांच्या खोलीत तोंडाला मास्क असेल, पण प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. शिक्षक जे करतो ते सगळी मुलं करतात. ही सवय गेली नाही तर मी तुमचं नाव सुचवणार नाही."

संध्याकाळी घरी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले. म्हणाले, "हात ऐकतात गं. तोंड ऐकत नाही." सव्वीस वर्षांच्या संसारात ह्यांना इतकं खचलेलं मी पाहिलं नव्हतं. मला रागच आला. ह्यांचा नाही, त्या फुंकरीचा.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून हे उघडून बसले, तेव्हा मी पाण्याचा पेला समोर ठेवला. म्हटलं, "एक घोट घ्या. गिळायचा नाही. तोंडात धरायचा आणि मग काम करायचं. बघू कसं फुंकता ते."

पहिल्या दिवशी काकूंच्या घड्याळाची आंघोळ झाली. काकूंनी मागितलं तेव्हा मी सांगितलं, आतून धुवायला काढलंय. दुसऱ्या दिवशी पाणी माझ्या अंगावर आलं. लेक हसून हसून जमिनीवर बसली. पण मी माघार घेतली नाही. चष्मा हातात घेतला की घोट, कुलूप उघडायचं तर घोट, पेपर वाचायचा तर घोट. आणि सांगते, ते दिवस फार सुखाचे गेले. मी बोलतेय आणि ह्यांना मधे तोंड घालता येत नाही, हे भाग्य मला लग्नानंतर पहिल्यांदाच लाभलं. मनात साठलेलं सगळं मी एकेक करून काढलं. हे गाल फुगवून ऐकत राहिले. क्वचित डोळे वटारायचे, पण डोळ्यांना कोण भितंय.

हळूहळू शिंतोडे थांबले. पुढे पेला न ठेवताही काही बारीक दिसलं की ह्यांचे गाल आपोआप फुगायचे आणि तसेच राहायचे.

शिष्टमंडळ परत यायच्या दिवशी प्राचार्यांनी निरोप धाडला की घरच्यांनाही आणा, हॉल रिकामा दिसायला नको. म्हणून आम्ही मायलेकी गेलो. यंत्रांच्या खोलीला मोठी काच होती. बाहेर पाहुणे आणि अधिकारी, त्यांच्यामागे आम्ही. आत सगळेच डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा. माझा नवरा मलाच ओळखू येईना. मग एकाने मान डावीकडे कलती केली. इतकी वर्षं एका डोळ्याला भिंग लावून ती मान तशीच झालीय. मी लेकीला कोपराने ढोसलं.

ह्यांनी तबकडी उचलली. उजेडात तिरकी केली. आणि थांबले. कण दिसला असणार, मला ते त्यांच्या खांद्यांवरून कळलं. मास्क हलला, म्हणजे आत गाल फुगले. उंच बाई काचेच्या अगदी जवळ गेल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणी, पाणी." पुढच्या एका भल्या अधिकाऱ्याने वळून मला पाण्याची बाटली दिली. मी ती छातीशी धरून उभी राहिले. देवा, एवढं पार पडू दे, परत ह्यांना मधे बोलू देईन, असंही मनात म्हणून घेतलं.

गाल फुगलेले राहिले. फुंकर आली नाही. ह्यांनी सावकाश हात लांब केला, टांगलेली वायूची नळी घेतली, तिचा खटका दाबला आणि कण उडवला. मग तबकडी डब्यात ठेवली. तेव्हा कुठे गाल खाली बसले.

नंतर हॉलमध्ये शिष्टमंडळाच्या प्रमुखांनी ह्यांना विचारलं, "शिकताना सगळ्यात कठीण काय गेलं?"

हे म्हणाले, "घरी बोलायला मिळालं नाही."

हॉलमधली निम्मी माणसं, आमच्याकडची, लगेच हसली. दुभाष्याने सांगितल्यावर उरलेली निम्मी हसली. उंच बाईंना तर डोळे पुसावे लागले. ह्यांचं नाव यादीत पहिलं आलं. घरी येताना हे रस्ताभर बोलत होते आणि मी कबूल केल्याप्रमाणे एकदाही अडवलं नाही.

आता वर्ग भरतो. खोली भरलेली असते. पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाला पाण्याचा पेला मिळतो, आणि टिकटिक सर हे नाव नव्या मुलांनीही उचललंय. घरात मला कुणी काही शिकवत नाही. कांदा मी हवा तसा धरते.

परवा कपाटावरची धूळ झाडताना माझ्या डोळ्यात कचरा गेला. मी ओरडले. हे धावत आले, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं, मान कलती केली, आणि त्यांचे गाल फुगले. फुगले ते तसेच. मग म्हणाले, "थांब, स्वच्छ पाणी आणतो." आणि वळले.

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. माझ्याच हाताने मी ती फुंकर घालवली होती. चहा समोर निवेपर्यंत हे न फुंकता बसून असतात, पेपर नुसताच उघडतात, आणि मी ते रोज बघत होते. मी त्यांची बाही पकडली.

"अहो," मी म्हटलं, "इथे कुठलं आलंय शिष्टमंडळ. फुंका की."

ह्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, उंच बाई उभ्या असल्यासारखं. मग ओठांचा चंबू केला. कचरा निघाला की नाही, मला कळलं नाही. मी म्हटलं, "अजून आहे."